हलकं वाटतंय

तानुबाईने दारातच पाय धुतला. एकच, उजवा. तांब्यात उरलेलं पाणी मोरीत ओतलं, पदर कमरेला खोचला आणि भिंतीला हात धरून ती चटईपाशी आली.

नवनाथ पालथा पडला होता. हनुवटीखाली दोन्ही हात घेतलेले, नजर समोरच्या गॅसच्या टाकीवर. सकाळचे सहासुद्धा वाजले नव्हते. त्याच्या बायकोने, विजयश्रीने, त्याचा बनियन वर सरकवला आणि चहाचं आधण बघायच्या निमित्ताने ती लगेच बाजूला झाली.

"कधी भरली उसण?"

"काल सांजच्याला," नवनाथ म्हणाला. "मोरीतनं बादली उचलाया गेलो अन् कळ आली."

तानुबाई वाकली. कमरेच्या डाव्या अंगाला, पट्ट्याच्या जरा वर, तळहाताएवढा काळानिळा डाग होता. मधोमध कातडं सोललेलं. त्यावर कुणीतरी पिवळं मलम फासलं होतं.

"आन् हे?"

"बादलीच लागली."

तिने विजयश्रीकडे पाहिलं. विजयश्री चहात साखर घालत होती. एकदा घातली होती, ती तिने पुन्हा घातली.

तानुबाई पायाळू होती. आईच्या पोटातून डोक्याऐवजी पायांनी बाहेर आलेली. गेवराईकडच्या तिच्या गावात अशा माणसाला दोन गोष्टी जन्मभर चिकटत. आभाळात वीज कडाडली की त्याला घराबाहेर पडू देत नसत, कारण वीज पायाळूला शोधत येते म्हणत. आणि कुणाच्या कमरेत किंवा पाठीत उसण भरली की त्याला बोलावणं येई. चार वर्षांची असल्यापासून लोक तिला काखेत मारून न्यायचे आणि पालथ्या पडलेल्या बाप्यांच्या पाठीवर तिचं इवलंसं पाऊल टेकवायचे. लग्न होऊन ती काळेवाडीत आली तेव्हा तिला वाटलं होतं, हे सगळं गावातच राहिलं. पण तेव्हा पलीकडच्या खोलीत राहणारी बाई तिकडचीच निघाली, आणि महिन्याभरात पहिला माणूस कंबर धरून दारात उभा राहिला.

त्याला आता चौतीस वर्षं झाली होती. मशीनपुढे बारा-बारा तास वाकणारे कामगार, टेम्पोवाले, हमाल, घरकाम करणाऱ्या बाया, सगळे येत. नवरा गेला, मुलगी लग्न होऊन जुन्नरला गेली. तळवड्याच्या एका कँटीनमध्ये चपात्या लाटून लाटून तानुबाईचेच खांदे आखडायला लागले. पण पायाचं काम सुटलं नाही. खरं सांगायचं तर तिला ते सोडायचंही नव्हतं. नाहीतर तिच्या दारात कोण कशाला आलं असतं!

आईने एकच गोष्ट बजावून सांगितली होती. वाकताना, उचलताना भरलेली असेल तर पाय लावायचा. पडलेल्याला, मार लागलेल्याला लावायचा नाही.

"नवनाथ, पडलाबिडला न्हाईस ना कुठं?"

"न्हाई म्हणलं ना, मावशी."

त्याच्या आवाजात एक घाई होती. घाई तानुबाईलाही होती. कँटीनची गाडी साडेसहाला कोपऱ्यावर यायची आणि दोन मिनिटांच्या वर थांबायची नाही. तिने पाय उचलला. डाग टाळून मणक्याच्या खालच्या अंगाला तळवा टेकवला. एकदा. दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा, नेहमीच्या सवयीने, जरासा भार दिला.

"कसं वाटतंय?"

नवनाथ हलला नाही. गॅसच्या टाकीकडेच बघत राहिला. विजयश्री हातात कप घेऊन थांबली होती.

"हलकं वाटतंय, मावशी," तो म्हणाला.

विजयश्रीने सोडलेला श्वास तानुबाईला तिथे ऐकू आला. तिने चपला घातल्या, चहा उभ्यानेच घेतला आणि ती गाडी पकडायला निघाली. दिवसभर चपात्या लाटताना तिला नवनाथची आठवण एकदाच झाली, आणि तीही समाधानाची.

*

बुधवारी सकाळी ती दात घासत असताना पलीकडून विजयश्रीची हाक आली. हाक कसली, ओरडणंच. शब्द नव्हते त्यात.

नवनाथ खोलीच्या मधोमध गुडघ्यावर पडला होता. उठून उभा राहायला गेला आणि उजवं पाऊल खाली लोंबकळलं, जसं काही ते त्याचं नव्हतंच. चटई ओली होती. पँट ओली होती. तो स्वतःच्या पँटकडे बघत होता आणि त्याला काही समजत नव्हतं.

"मला कळलंच न्हाई," तो सारखा म्हणत होता. "विजे, मला कळलंच न्हाई गं."

त्याचं ओटीपोट टरटरून फुगलं होतं. तानुबाईने तिथे हात ठेवला आणि काढून घेतला.

"उचलू नका त्याला तसं!" ती दारात जमलेल्या माणसांवर ओरडली. "फळी आणा. नाहीतर दार काढा ते मोरीचं. आडवाच न्या."

चौघांनी त्याला दारावर घालून जिन्यावरून उतरवलं. खाली भाजीवाल्याचा टेम्पो उभा होता, त्यात ठेवलं. विजयश्री चढली. तानुबाई चढायला लागली तेव्हा विजयश्रीने तिच्याकडे असं पाहिलं की तिचा टेम्पोच्या फाळक्यावर टेकलेला पाय तिथेच थबकला. तोच पाय, उजवा.

"तुम्ही काय केलंत त्यांना?" विजयश्री म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "परवा माझा नवरा चालत घरी आला होता."

टेम्पोवाल्याने मागे वळून पाहिलं. तानुबाई चढली आणि दाराच्या पायथ्याशी, नवनाथच्या पावलांजवळ, अंग चोरून बसली. पिंपरीच्या पुलावर टेम्पो दोनदा उसळला. नवनाथ कण्हला, पण दोन्ही हात छातीशी धरून. पायांनी काहीच हालचाल केली नाही. टेम्पो उसळला की ती पावलं दारावर नुसती इकडून तिकडे होत होती, आणि तानुबाईला ती धरावीशी वाटत होती, पण तिने हात लावला नाही.

मग वाटेत केव्हातरी तिच्या डोक्यात ते वाक्य फिरून आलं. परवा चालत घरी आला होता. कुठून? बादली तर घरातल्या मोरीत होती.

*

दवाखान्यात त्यांना तळमजल्यावरच्या तातडीच्या विभागात घेतलं. नवनाथला ढकलगाडीवर घातलं, पडदा ओढला. एक नर्स आली, तिने पोट दाबून पाहिलं आणि नळी घालायला घेतली. थोड्या वेळाने ती भरलेली पिशवी घेऊन बाहेर आली तेव्हा तिचा चेहरा गंभीर होता.

"किती वेळ झाली नव्हती लघवी?"

"रात्रीपासून असंल," विजयश्री म्हणाली.

नर्सने पिशवीवरचा आकडा लिहून घेतला. डॉक्टर येतायत, एवढं सांगून गेली.

तानुबाई भिंतीकडच्या बाकावर बसली होती. तिला थांब असं कुणी म्हटलं नव्हतं. जा असंही नव्हतं म्हटलं. तेवढ्यात हेल्मेट दंडात अडकवलेला एक माणूस घाईने आत आला. चाळिशीचा, इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं. विजयश्रीला पाहून तो तिकडे वळला. नवनाथ तळवड्याच्या ज्या युनिटमध्ये कामाला होता तिथला हा सुपरवायझर, ज्योतीराम. तानुबाईने त्याला सोमवारी संध्याकाळी पाहिलं होतं, आत्ता आठवलं. नवनाथला खांद्याचा आधार देऊन तो रिक्षातून उतरवत होता. तेव्हा तिला वाटलं होतं, दोघं प्यालेत.

ज्योतीरामने विजयश्रीला पाण्याच्या नळापाशी नेलं. तो हळू बोलत होता, पण भिंत फरशीची होती आणि आवाज घसरत बाकापर्यंत येत होता.

"वहिनी, डॉक्टरला एकच सांगायचं. घरी मोरीत पडला. मग त्या बाईनं पाय दिला आणि पाय दिल्यावर हे झालं. यात खोटं काय आहे? पाय दिला का नाही तिनं?"

"दिला."

"झालं तर मग. कंपनीत लागलं असं कागदावर आलं की पोलीस येणार. मालक त्या रॅम्पपायी आधीच अडचणीत आहेत. युनिट बंद पडलं तर चाळीस माणसं घरी बसतील. नवनाथला पुढच्या महिन्यात कायम करायचं ठरलंय, ते पण राहील. दवाखान्याचं मालक बघतील, माझा शब्द."

"आणि मावशीचं?"

"त्यांना कोण काय करणार आहे? म्हातारं माणूस. अडाणीपणा म्हणतील आणि सोडून देतील."

विजयश्रीने नळ सोडला आणि तोंडावर पाणी मारलं. बराच वेळ मारत राहिली. नळ बंद केला तेव्हा तिने बाकाकडे पाहिलं. तानुबाईने नजर खाली वळवली.

रस्त्यापलीकडे बसथांबा दिसत होता. काळेवाडीची बस लागलेली होती. आत्ता उठलं तर जागासुद्धा मिळाली असती. तानुबाईने गुडघ्यावर हात टेकले आणि बस सुटेपर्यंत तशीच, उठायच्या बेतात, बसून राहिली.

*

डॉक्टर तिशीच्या आतलीच मुलगी होती. गळ्यातल्या ओळखपत्रावर डॉ. दीक्षा गायकवाड असं नाव. डोळ्यांखाली जागरण, पण हात चपळ. तिने पडदा सारला, नवनाथच्या उजव्या पायाचा अंगठा वर-खाली केला, गुडघ्यावर हातोडी मारली, टाचेमागे मारली. डावीकडे पाय उडाला. उजवीकडे काही नाही.

"काय झालं होतं?"

"पडले," विजयश्री म्हणाली. ज्योतीराम तिच्या मागे उभा होता. "घरी. मोरीत."

"कधी?"

"सोमवारी. म्हणजे सोमवारी संध्याकाळी."

"मग आज बुधवारी आणताय?"

"काल बरं वाटत होतं त्यांना. मग..." विजयश्री थांबली.

"मग काय?"

ज्योतीराम खाकरला. "मॅडम, काल सकाळी एका बाईनं त्याच्या पाठीत लाथ घातली. ते पायाळू वगैरे असतं ना, तसलं. त्यानंतर पाय गेला त्याचा."

डॉक्टरने लिहिता लिहिता मान वर केली. "कोणी?"

तानुबाई बाकावरून उठली. पडद्यापर्यंत सहा पावलं होती.

"मी," ती म्हणाली. "लाथ न्हाई घातली. पाय लावला. तीन डाव. शेवटच्याला जरा जोर दिला. काल सकाळी सहाच्या आत."

"तो पडलाय हे माहीत होतं तुम्हाला?"

"न्हाई. बादली उचलताना उसण भरली म्हणले." ती एवढ्यावर थांबू शकली असती. विजयश्री तिच्याकडे बघत होती. "पर मी डाग पाह्यला होता. कमरंवर, काळानिळा. कातडं गेलेलं. पडल्याबिगर तसा डाग उठत न्हाई. मला कळत होतं. तरी लावला पाय."

डॉक्टरने नवनाथला कुशीवर वळवायला सांगितलं, डाग पाहिला, बोटांनी त्याच्या कडा दाबल्या. तिच्या कपाळावर आठी आली.

"हे मोरीत पडून?"

"हो," ज्योतीराम म्हणाला.

"मी यांना विचारतेय."

नवनाथने डोळे मिटले होते.

डॉक्टरने ज्योतीरामला पडद्याबाहेर उभं राहायला सांगितलं आणि कापसाचा एक बोळा घेतला. नवनाथच्या मांड्यांच्या मागच्या बाजूने, बैठकीच्या जागेवरून, ती तो फिरवत गेली. लागलं की हो म्हणा, डोळे उघडू नका. ती थांबून थांबून फिरवत होती. नवनाथ गप्प होता. डाव्या मांडीच्या बाहेरच्या अंगाला एकदा तो हो म्हणाला. मग टाचणी घेतली. टाचणीलाही तेच.

"हे बघा, मला एक गोष्ट नीट सांगा," डॉक्टर त्याच्या डोक्याशी वाकून म्हणाली. "मणक्यांच्या मध्ये गादी असते. तुमची फुटून मागे आलीय असं मला वाटतं. खाली जाणाऱ्या सगळ्या शिरा तिने दाबल्यात. म्हणून लघवी तुंबली आणि नकळत गळली, म्हणून ही जागा बधीर. ही बधीर कधी झाली? काल दुपारी? रात्री? मला तास कळायला हवेत. त्यावर पुढचं ठरतं."

"आठवत न्हाई," नवनाथ म्हणाला.

"पाय लावायच्या आधी की नंतर?"

पडद्याबाहेर ज्योतीरामचे बूट दिसत होते. स्तब्ध. विजयश्रीने तोंडावर पदर धरला. नवनाथ भिंतीकडे बघत होता.

"नंतर," तो म्हणाला.

तानुबाईने त्याच्या मानेकडे पाहिलं. चौतीस वर्षांत तिने किती पाठी पाहिल्या असतील. पाय टेकला की माणूस आधी आक्रसतो. पाऊल ओलं असतं, गार असतं. कातडीवर काटा येतो. कुणी हसतं, कुणी आईगं म्हणतं. तगडा हमालसुद्धा पहिल्या स्पर्शाला दचकतो. नवनाथची पाठ दचकली नव्हती. तिचं ओलं पाऊल त्याच्यावर तीनदा टेकलं आणि तिथला एक स्नायूसुद्धा हलला नव्हता. हे तिला तेव्हाच दिसलं होतं. आपण घाईत होतो म्हणून पाहूनही न पाहिल्यासारखं झालं होतं.

ती पुढे झाली आणि ढकलगाडीची कड धरून त्याच्या तोंडापाशी वाकली.

"नवनाथ. काल माझा पाय लागला का रे तुला?"

त्याने तोंड फिरवलं.

"गार होता माझा पाय. ओला होता. लागला का?"

बाहेर कुणाचंतरी नाव पुकारत होते. नवनाथने कपाळ गादीत खुपसलं.

"न्हाई, मावशी," तो म्हणाला. "तुमी कधी ठेवला, कधी काढला, मला काईच कळलं न्हाई."

विजयश्री खाली फरशीवर बसली.

"शेवटची लघवी कधी झाली होती?" डॉक्टरने विचारलं. तिचा आवाज एकदम वेगळा झाला होता, भराभर.

"सोमवारी. जेवणाच्या सुट्टीत. कंपनीत."

"आणि लागलं कुठे?"

"कंपनीतच." आता त्याला थांबवता येत नव्हतं. "चाकणचा माल भरायचा होता. ट्रॉली रॅम्पवरनं वर ओढत होतो. रॅम्पची फरशी उखडलीय कधीची. चाक त्यात बसलं अन् ट्रॉली उलटी आली. मी पाठ लावली. मला वाटलं, थांबंल. तिनं मला तसंच खाली नेलं अन् कठड्यावर आपटलं. चार वाजले होते. चहा यायचा होता."

डॉक्टरने घड्याळ पाहिलं. "चाळीस तास," ती नर्सला म्हणाली. "एमआरआयला सांग, आत्ता. सरांना फोन लाव. ऑपरेशन थिएटरला कळवून ठेव. आणि हे एमएलसी आहे, कामावरचा अपघात, पोलीस चौकीला कळव."

पडद्याखालचे बूट तिथून हलले.

ढकलगाडी निघाली. तानुबाई तिच्या वाटेतून बाजूला झाली आणि डॉक्टर तिच्याजवळून जात असताना तिने डॉक्टरचा कोपर धरला. अशी ती कुणाला धरत नसे.

"बाई, माझ्या पायानं झालं का?"

डॉक्टर थांबली. तिला घाई होती, तरी थांबली. "नाही. तुमच्या पायाने गादी फुटली नाही. ती सोमवारीच फुटली होती."

तानुबाईने मान हलवली.

"पण काल सकाळी इथे आणायला हवं होतं," डॉक्टर म्हणाली, आणि गेली.

तानुबाई परत बाकावर येऊन बसली. दोन वाक्यं होती. पहिल्याने तिचा श्वास मोकळा झाला नाही, कारण दुसरं लगेच मागोमाग आलं होतं. काल सकाळी तो हलकं वाटतंय म्हणाला, आणि तिने चहा घेतला, आणि ती गाडी पकडायला गेली.

थोड्या वेळाने विजयश्री येऊन बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. मध्ये दोन माणसांची जागा. ऑपरेशनच्या कागदावर सहीसोबत अंगठा उठवल्याची शाई तिच्या अंगठ्याला लागली होती, ती ती पदराला पुसत होती.

"मला माहीत होतं, मावशी," ती म्हणाली. "कंपनीत लागलं ते. ज्योतीरामभाऊंनी सांगितलं म्हणून आम्ही तुम्हालाही बादली सांगितली."

"व्हय."

"टेम्पोत मी तुम्हाला बोलले."

"बोललीस."

मग विजयश्री एका माणसाएवढी अलीकडे सरकली.

*

ऑपरेशन दुपारी झालं. फुटलेली गादी काढली, शिरा मोकळ्या केल्या. पुढचं सांगता येत नाही, असं मोठे डॉक्टर म्हणाले. पाय बहुतेक येईल, वेळ लागेल. लघवीचं बघू. काहींचं येतं, काहींचं येत नाही.

पोलीस चौकीचा हवालदार दुसऱ्या दिवशी जबाब घेऊन गेला. युनिटचा मालक आला नाही. ज्योतीराम मात्र शनिवारी आला, हेल्मेट न काढताच. विजयश्रीला जिन्यात बोलावून त्याने फोनवरून तिला काही फोटो पाठवले. उखडलेल्या रॅम्पचे, तीन महिन्यांपूर्वीचे, आणि रॅम्प दुरुस्त करा म्हणून त्याने तेव्हा मालकाला टाकलेल्या मेसेजचा एक. माझं नाव घेऊ नका, म्हणाला. नवनाथला भेटायला आत काही आला नाही.

तानुबाई रोज कँटीनमधून सुटली की दवाखान्यात यायची. घरी दारात येणाऱ्यांना तिने काय सांगितलं कुणास ठाऊक, पण त्या आठवड्यात तिच्या दारासमोर कंबर धरून उभा असलेला माणूस शेजाऱ्यांना दिसला नाही.

नवनाथने एकदा आपण होऊन विषय काढला.

"तुमी पाय ठेवला ना, तवा मी वाट बघत होतो. म्हणलं, आता लागंल, आता लागंल. मग तुमी कसं वाटतंय म्हणून विचारलं. म्हणजे झालं होतं सगळं." तो छताकडे बघत होता. "न्हाई लागलं म्हणलो असतो तर विजीनं तवाच दवाखान्यात आणलं असतं. अन् इथं आल्यावर कुठं पडलो ते सांगावं लागलं असतं. कायम करणार होते मला, मावशी. सहा वर्षांनी."

तानुबाईने त्याची चादर नीट केली.

डॉ. दीक्षाने सांगितलं होतं, रोज पायाची बोटं चोळा, त्याला विचारत राहा, कुठे कळतंय, कुठे नाही. विजयश्री मन लावून ते करायची. दहाव्या दिवशी दुपारी तानुबाई आली तेव्हा तिचं तेच चाललं होतं.

"इथं?"

"हां, कळतंय."

"आणि हे?"

"हे बी कळतंय. आज लईच बरं हाय."

विजयश्रीचा चेहरा फुलला होता. तिने तानुबाईला बसायला स्टूल दिलं आणि चहा आणायला खाली गेली. तानुबाई पलंगाच्या पायथ्याशी बसली. तिने पाहिलं होतं. उत्तर देताना नवनाथची नजर बायकोच्या हातावर होती.

"डोळे मीट," ती म्हणाली.

"झोपू का?"

"मीट म्हणते ना."

त्याने डोळे मिटले. तानुबाईने पदराला हात पुसले आणि त्याच्या उजव्या पायाचं मधलं बोट चिमटीत धरलं.

"सांग."

"अंगठा."

तिने बोट सोडलं, टाच धरली.

"आता?"

त्याच्या पापण्या थरथरल्या, पण उघडल्या नाहीत. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा मान वळवून बघत होता.

"आता काईच न्हाई, मावशी," नवनाथ म्हणाला. खालच्या आवाजात, जसं काही तो तिची माफी मागत होता.

"बरं."

तिने करंगळी धरली. धरून ठेवली. वॉर्डच्या दाराशी विजयश्री दोन्ही हातांत चहाचे कप घेऊन आली होती आणि तिथेच थांबली होती. तानुबाईने तिच्याकडे बघून मान हलवली नाही, की हात वर केला नाही.

नवनाथचं कपाळ आक्रसलं. त्याने श्वास रोखला.

"काईतरी हाय," तो म्हणाला. "कुठं ते न्हाई सांगता येत. पर हाय."

कुठलं बोट ते तानुबाईने त्याला सांगितलं नाही. तिने चिमूट सोडली, शेजारच्या बोटावर नेली आणि त्याच्या मिटलेल्या डोळ्यांकडे बघत विचारलं,

"आन् आता?"